दीड बोट

चौतीस वर्षं मी पुढे वाकले.
मशीनवर, कापडावर, सुईच्या नेढ्यावर,
दिवाडीतल्या निम्म्या लग्नांच्या ब्लाउजांवर
आणि फर्स्ट कम्युनियनच्या पांढऱ्या फ्रॉकांवर.
पाठीने तोच आकार धरला,
हँगरवर विसरलेल्या कोटासारखा.

मग एस्पेरांसा म्हणाली, ये.
पूर्वी ती इस्पितळात
मोडलेल्या माणसांना चालायला शिकवायची.
आता पिएदादला, क्लबाच्या मागल्या खोलीत,
मंगळवारी आणि शुक्रवारी
आम्हा सहाजणींना नदी दाखवते,
उलटी.

नदी लगेच नाही मिळाली.
आधी भिंत मिळाली.
तीन महिने नुसते खांदे, नुसती कोपरं,
आणि मांडीचा पुढला भाग,
जो बसून बसून आखडला होता
गरम पाण्यात धुतलेल्या खादीसारखा.
ती म्हणायची,
"कंबर तुझी मोकळीच आहे गे,
म्हणून तीच धावते सगळं करायला,
थोरल्या सुनेसारखी.
तिला जरा बसव.
बाकीच्यांना उठव."

दोन चिरे, गोणपाटात गुंडाळून भिंतीला लावलेले.
तळवे त्यांच्यावर, म्हणजे मनगट कमी मोडतं.
पावलं समांतर, कमरेइतकी लांब.
मांड्यांभोवती जाड पट्टा, गुडघे फाकू नयेत म्हणून.
आधी टाळू टेक.
टाळूवर भार नको, भार हातांत.
इथे श्वास सरळ चालत नसेल
तर वरचं तिकीट नाही.

मी ऐकलं नाही.

घरी, बाल्कांवावर, जेवणानंतर,
पुतणी दुबईहून आलेली, फोन धरून उभी.
थंड अंगाने, एका दमात, उचललं स्वतःला.
कमरेत काहीतरी चावलं,
बारीक,
घास गिळून झाल्यावर कळावा तसा काटा.
नयनाने फोटो दाखवला.
फोटोत मी फार सुंदर होते.
पुढचे सात आठवडे कूस बदलताना
मी देवाचं नाव घेतलं
आणि त्याच्याआधी एस्पेरांसाचं.

ती रागावली नाही.
माझ्या मशीनपाशी येऊन बसली,
चहा बशीत ओतत म्हणाली,
"शिवणीत आत कापड किती सोडतेस?"
दीड बोट.
"का? वाया जात नाही?"
अंग बदलतं, म्हटलं. ताण येतो.
आत काही नसलं तर शिवण नाही फाटत,
कापडच फाटतं.
"तुमच्या मराठीत त्याला काय म्हणतात?"

माया, मी म्हटलं,
आणि हातातली कात्री खाली ठेवली.

परत सुरुवात. भिंत. पट्टा. चिरे.
या वेळी घाई फक्त पलीकडच्या फेरीला होती,
भोंगा देऊन ती सुटली,
आणि माझ्या टाळूखालची जमीन
हळूच, कुणी न ढकलता, सुटली.
टाचा रुजलेल्या. छाती खिडकीकडे.
खिडकीत मांडवी वर,
फेरी तिच्यातून लोंबकळत चाललेली,
तीन स्कूटर, एक म्हातारा छत्री घेऊन,
कुणीच पडत नव्हतं.

अजून जाता आलं असतं.
हात आणखी सरळ, आणखी एक बोट, दीड बोट.
तिथे तो काटा होता का? नव्हता.
पण त्याची जागा होती.
मी तिथवर गेले नाही.
चार श्वास.
हनुवटी छातीला, कोपरं दुमडत,
पाठ मणक्यामणक्याने खाली, सवकास.
"लगेच गुडघे पोटाशी घेऊ नकोस," ती म्हणाली,
"पडून राहा नुसती. पाठीला कळू दे काय झालं ते."

तळव्यांवर गोणपाटाची जाळी
आणि चिऱ्याची थोडी लाली.

घरी मिलाग्रिनचा ब्लाउज येऊन पडला होता,
दोन वर्षांपूर्वी मीच शिवलेला.
बाळ झाल्यापासून काखेत कचतो म्हणाली.
उलटा केला.
ब्लेडने धागा धागा उसवला.
आतलं कापड कोरं होतं,
पहिल्या दिवसाइतकं निळं,
त्याला अजून ऊन लागलं नव्हतं.